देश सुटला, सूर सुटला नाही

आयर्लंड म्हटले की आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाला चटकन काय आठवते? आजोबा-पणजोबांच्या पिढीला होमरूल आठवे, ॲनी बेझंटबाई आठवत. डी व्हॅलेराचे नाव तर त्या काळी पेठांपेठांतून ठाऊक होते. वाङ्मयाची गोडी असलेल्यांना ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिणारा येट्स आठवतो, आणि ‘ती फुलराणी’ पाहून आलेल्यांना बर्नार्ड शॉ. कारण त्याच्याच ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी ते नाटक बेतले. हा शॉ डब्लिनचा. नाटककार म्हणून गाजण्यापूर्वी तो लंडनच्या वर्तमानपत्रांतून संगीतावर टीकालेख लिहीत असे, हे मात्र फारसे कोणी ध्यानात ठेवत नाही. ठेवायला हवे. कारण राजकारण, नाटक आणि कविता या तिन्ही गोष्टी त्या देशात गाण्याच्या सोबतीने वाढल्या. ज्या देशाने आपल्या राजचिन्हावर सिंह, गरुड किंवा तलवार न घेता एक वाद्य घेतले, त्या देशाची ओळख करून घ्यायची तर ती गाण्याच्याच दाराने करून घ्यावी.

पण आज सांगायची आहे ती आयर्लंडातून बाहेर पडलेल्या गाण्याची गोष्ट. एखादे कुटुंब देशोधडीला लागावे आणि घरातली भांडीकुंडी, जमीनजुमला सगळे मागे राहून केवळ देव्हारा तेवढा बरोबर जावा, तसे या लोकांचे झाले. आणि पुढे चमत्कार असा घडला की, मूळ घरात तेल-वातीअभावी दिवा मालवू लागला तेव्हा परगावी नेलेल्या त्या देव्हाऱ्यातूनच घरी ज्योत आणावी लागली.

जित्या माणसाचे जागरण

१८४१ सालच्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. गोरगरिबांचे पोट जवळजवळ सर्वस्वी बटाट्यावर. १८४५ साली त्या पिकावर रोग पडला आणि पुढची काही वर्षे तो पुन:पुन्हा पडत राहिला. सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि भुकेमागून येणाऱ्या साथींनी मेली. त्याहून अधिक माणसांनी मिळेल त्या बोटीने देश सोडला. १८५१ साली लोकसंख्या ६५ लाखांवर आली होती, आणि ओहोटी तिथेही थांबली नाही. १९०१ साली आयर्लंडात अवघी ४५ लाखांच्या आत माणसे उरली.

त्या देशात कोणी वारले की शेजारपाजारचे लोक प्रेताशेजारी रात्र जागवीत. तीच रीत त्यांनी अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींसाठी लावली. निघण्याच्या आदल्या रात्री सारा गाव त्या घरी जमे. फिडल वाजे, पाइप वाजे, पहाटेपर्यंत नाच चाले, आणि मधूनच आई हंबरडा फोडी. या रात्रीला ते ‘अमेरिकन वेक’ म्हणत. वेक म्हणजे प्रेताचे जागरण. जाणारा परत येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असे. बोटीचे भाडे कसेबसे जमलेले, परतीचे कुठून आणणार? वीस वर्षांच्या पोराने गावातली शेवटची गोष्ट ऐकली ती ही धून. ती त्याच्या कानात आयुष्यभर घुमत राहिली तर नवल काय?

तर हे गाणे परदेशी गेले ते असे. कोणी शिष्टमंडळाने नेले नाही की कोणा संस्थानिकाने धाडले नाही.

कसे असते हे संगीत?

पाश्चात्य संगीत म्हटले की अनेक सुरांचा एकाच वेळी उठणारा गोफ आपल्या डोळ्यांपुढे येतो. आयरिश लोकसंगीत मुळात तसे नाही. ते आपल्यासारखेच एकेरी सुरावटीचे. दहा जण वाजवीत असले तरी दहाही जण तीच धून वाजवणार. नाचाच्या धुनेचे बहुधा दोन भाग असतात. पहिला खालच्या पट्टीत रमतो, दुसरा वर चढतो. प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा आणि पुन्हा पहिल्यावर यायचे. अस्ताई-अंतऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला हे ओळखीचे वाटते. ‘जिग’ नावाच्या प्रकारात आपल्या दादऱ्याप्रमाणे तीन-तीनचे झोके असतात, तर ‘रील’ केरव्यासारखा आठांवर धावतो. धून तीच असली तरी वाजवणारा दर खेपेला तिला एखादी मुरकी, एखादा झटका, एखादा गिरकीचा दाणा अशी नवी वेलबुट्टी काढतो. जाणकार डोलतात ते त्या वेलबुट्टीला.

वाद्यांत फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच. लाकडी बासरी आहे. डफाच्या जातीचे ‘बौरान’ आहे. पण सगळ्यांत और वाद्य म्हणजे ‘इलन पाइप्स’. याला तोंडाने फुंकायचे नसते. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी, मांडीवर नळ्यांचा जुडगा आणि बोटे सुरांच्या नळीवर, असा सगळा संसार सांभाळत वादक बसलेला असतो. सनईवाल्यामागे सूर धरणारा साथीदार असतो ना, तसा अखंड सूर धरणाऱ्या नळ्या याच्या वाद्यातच बसवलेल्या असतात. कारागीर हे वाद्य सावकाश घडवतो आणि शिकणारा त्याहून सावकाश शिकतो.

आणि राजचिन्हावरचे ते हार्प? त्याची कथा करुण आहे. सरदार-दरकदारांच्या वाड्यांवर हार्पवादकांचे पोषण होई. इंग्रजी अंमलाखाली ते वाडे बसले आणि वादक भटके झाले. टर्लो ओ’कॅरोलन हा १६७० साली जन्मलेला वादक देवीच्या आजाराने अठराव्या वर्षी आंधळा झाला आणि पुढे जन्मभर घोड्यावरून गावोगाव हिंडत, यजमानांच्या नावे धुना रचत जगला. १७९२ साली बेलफास्टमध्ये उरल्यासुरल्या हार्पवादकांचा मेळावा भरवला तेव्हा सारे मिळून दहा आयरिश वादक आले. त्यांतला डेनिस हेम्पसन नव्वदी ओलांडलेला. पितळी तारा वाढवलेल्या नखांनी छेडण्याची जुनी रीत त्याच्याबरोबरच संपायची होती. त्या धुना उतरवून घ्यायला एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक पोरगा नेमला होता. त्याने ते काम जन्मभराचे व्रत म्हणून घेतले, म्हणून त्या धुना आज आपल्याला ऐकायला मिळतात.

शिकागोचा पोलिसप्रमुख

बंटिंगने राजदरबारचे संगीत वाचवले. शेतकऱ्याच्या अंगणातले नाचाचे संगीत मोठ्या प्रमाणावर वाचवले ते एका पोलिसाने, आणि तेही आयर्लंडपासून हजारो मैलांवर, शिकागो शहरात बसून. फ्रान्सिस ओ’नील हे त्याचे नाव.

याचे चरित्र कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण ‘जरा अतीच झाले’ म्हणून पुस्तक मिटले असते. जन्म १८४८, म्हणजे ऐन दुष्काळातला, कॉर्क परगण्यातल्या बँट्रीजवळचा. घर बरे खाऊनपिऊन होते. गावात बासरी शिकला. सोळाव्या वर्षी घर सोडून बोटीवर खलाशी झाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा घातली. पॅसिफिक महासागरात बेकर बेटावर त्याचे गलबत फुटले. ओसाड बेटावर अडकलेल्या या खलाशांना एका जहाजाने उचलले, पण त्या जहाजावर अन्नाचा तुटवडा. वाट्याला येई ते पोटाच्या कोपऱ्यालाही पुरेना. जहाजावरचे खलाशी हवाई बेटांचे. त्यांतल्या एकाजवळ बासरी होती. ओ’नीलने ती मागून घेतली आणि गावाकडची एखादी साधी धून वाजवून दाखवली. तो खलाशी इतका खूश झाला की, पुढे रोज आपल्या वाट्याचे अन्न तो या पोराबरोबर वाटून खाऊ लागला. होनोलुलूस पोचेपर्यंत बाकीचे बहुतेक जण आजारी झाले होते, ओ’नील ठणठणीत! गाण्याने पोट भरत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत वहीत टिपून ठेवावी.

पुढे कॅलिफोर्नियात मेंढ्या राखल्या, मिसुरीत एक हिवाळा शाळामास्तरकी केली, लग्न केले, आणि १८७३ साली शिकागोच्या पोलिसात शिरला. महिना उलटतो न उलटतो तोच एका घरफोड्याने गोळी घातली. ती पाठीच्या कण्याजवळ अशी रुतली की काढता आली नाही. ती तशीच बाळगून त्याने पुढे ६०हून अधिक वर्षे काढली. १९०१ साली तो शिकागोचा पोलिसप्रमुख झाला आणि १९०५पर्यंत त्या जागेवर राहिला.

आता यात संगीत कुठे आले? शिकागोच्या वस्तीतच ते पसरलेले होते. आयर्लंडात कॉर्कच्या शेतकऱ्याला उत्तरेकडच्या डोनेगलची धून ऐकायला मिळण्याची शक्यता फारशी नव्हती. शिकागोत मात्र कॉर्क, केरी, क्लेअर, स्लायगो, डोनेगल ही सारी मंडळी एकाच गल्लीत, एकाच चाळवजा इमारतीत शेजारी राहात होती. सगळ्या परगण्यांचे पाणी एका विहिरीत उतरले होते. ते शेंदणारा माणूस तेवढा हवा होता.

ओ’नीलला एक अडचण होती. ऐकलेली धून त्याच्या डोक्यातून जात नसे, पण स्वरलिपी लिहिता येत नव्हती. त्यासाठी त्याला खात्यातच माणूस सापडला: जेम्स ओ’नील, नात्याचा नव्हे, नुसता आडनावबंधू, आणि फिडल वाजवण्यात व स्वरलिपी लिहिण्यात तरबेज. मग साहेबांनी बासरीवर किंवा शिटीवर धून ऐकवायची, हाताखालच्या अंमलदाराने ती उतरवायची, पुन्हा वाजवून दाखवायची, साहेबांनी मान डोलवली की कागद फाइलीत, असे काम सुरू झाले. गावात नवा पाइपवाला उतरल्याची बातमी खात्याच्या कानी लगोलग जाई. बरा वाजवणारा आयरिश तरुण असला तर पोलिसात त्याची वर्णी लागायलाही फारशी अडचण पडत नसे, असा त्या काळी बोलबाला होता. वशिल्याचे समर्थन मी करीत नाही. पण वशिला लावायचाच तर तो सुरासाठी लागावा, इतकेच म्हणतो.

१९०३ साली या उद्योगाचे फळ छापून आले: ‘ओ’नील्स म्युझिक ऑफ आयर्लंड’. त्यात १८५० धुना! ६२५ संथ चाली, ७५ ओ’कॅरोलनच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या रचना, ११०० नाचाच्या धुना आणि ५० कूचगीते. १९०७ साली निव्वळ नाचाच्या १००१ धुनांचे दुसरे पुस्तक निघाले. आयर्लंडातल्या पंडितांनी नाके मुरडली. काही धुना दोनदा आल्या, काही मुळात आयरिश नाहीतच, असे दोष काढले. दोष खरेच होते. पण खेड्यापाड्यांतल्या वादकांनी पंडितांना विचारले नाही. त्यांच्या बोलीत या संग्रहाला नुसते ‘द बुक’ म्हणू लागले. कोणते पुस्तक, हे कोणी विचारीत नसे. आपल्याकडे वारकऱ्याने ‘पोथी’ म्हटल्यावर कोणती, असे कोणी विचारते काय?

आपल्या वाचकांना येथे पंडित भातखंड्यांची आठवण आल्यावाचून राहणार नाही. तेही मूळचे वकील. खानदानी गायकांकडून चिजा मिळवून, स्वरलिपीत बांधून त्यांनी त्या सर्वांना खुल्या केल्या. दोघांचीही हयात एका काळातली, आणि योगायोग असा की दोघेही १९३६ सालीच गेले.

ओ’नीलच्या घरी मात्र या यशाला दृष्ट लागली. १९०४ साली त्याचा रॉजर्स हा मुलगा ऐन तारुण्यात मेंदूज्वराने गेला. पत्नीच्या मनाने असे घेतले की पुढे घरात वाद्य वाजवू दिले जाईना, असे सांगतात. साऱ्या देशाचे संगीत ज्याने पुस्तकात बांधले त्याच्या स्वत:च्या दिवाणखान्यात शांतता. १९०६ साली तो आयर्लंडला जाऊन आला आणि तिथल्या संगीताची दशा पाहून खिन्न झाला. आपले काम वाया गेले, हे संगीत आता मरणार, असे त्याला उतारवयात वाटे. १९३१ साली त्याने आपला ग्रंथसंग्रह नोट्र डेम विद्यापीठाला देऊन टाकला आणि पाच वर्षांनी डोळे मिटले. आज त्याच्या जन्मगावी त्याचा पुतळा उभा आहे, हातात बासरी घेतलेला.

तबकडीचे दान आणि तबकडीचे देणे

पुस्तकात सुरांची जागा सापडते. त्यांचा श्वास सापडत नाही. ती उणीव ध्वनिमुद्रणाने भरून काढली, आणि तीही परदेशातच. पॅट्सी टूही नावाचा, लहानपणी अमेरिकेत गेलेला पाइपवादक विसाव्या शतकाच्या आरंभी घरच्या घरी मेणाच्या नळकांड्यांवर आपले वादन मुद्रित करून टपालाने विकीत असे. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये दुकान चालवणाऱ्या एलन ओ’बर्न डी विट या आयरिश बाईने कोलंबिया कंपनीला गळ घातली: आमच्या लोकांच्या नाचाच्या तबकड्या काढा, ५०० प्रती मी विकत घेते. कंपनीने काढल्या आणि त्या हातोहात गेल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी आणि पुलांवर लोखंड उचलणारी माणसे आठवड्याच्या पगारातून तबकडी नेऊ लागली, हे कंपन्यांच्या ध्यानात आले आणि मग स्पर्धाच लागली.

या लाटेचा राजा मायकेल कोलमन. जन्म १८९१, स्लायगो परगण्यातला. १९१४ साली अमेरिकेत गेला. १९२१ ते १९३६ या काळात त्याने तबकड्यांच्या सुमारे ८० बाजू भरल्या. त्याचे फिडल म्हणजे वाहत्या झऱ्यावर उन्हाचे कवडसे. या तबकड्या बोटीतून, नातलगांच्या पेटाऱ्यांतून, आयर्लंडात परत जाऊ लागल्या. गावात एकच ग्रामोफोन. त्याभोवती सारा गाव. पोरे एकच बाजू झिजेपर्यंत लावीत आणि कोलमनची जागा न् जागा गिरवीत.

इथे एक तोटाही झाला, तो सांगायला हवा. डोनेगलचा गज वेगळा चाले, क्लेअरची लय संथ, केरीचा ढंग निराळा. कोलमनच्या स्लायगोचे वादन सर्वोत्तम ठरल्यावर पुष्कळ तरुणांना आपल्या आजोबांचा गज गावंढळ वाटू लागला. परदेशी गेलेल्या मुलाने धाडलेल्या कोऱ्या करकरीत नोटांपुढे घरच्या जुन्या मोहरा कोणी मोजीना. जे संगीत तबकडीने वाचले त्याच संगीतातली विविधता तबकडीने थोडी पुसली. जतन करणे आणि गोठवणे यांच्यातले अंतर किती थोडे असते, हे या इतिहासाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

आणि घरची मंडळी तरी काय करीत होती? देश स्वतंत्र झाल्यावर, १९३५ साली, आयर्लंडात सार्वजनिक नाचघरांचा कायदा झाला. परवान्यावाचून नाच नाही! पाद्र्यांना तर घरगुती नाच पूर्वीपासूनच सलत असत. कायद्याच्या धाकाने स्वयंपाकघरातले, चव्हाट्यावरचे नाच मोडले आणि त्यांबरोबर त्या वादकांची मैफलही मोडली. परक्यांच्या राज्यात जगलेली कला स्वकीयांच्या राज्यात परवाना शोधू लागली.

उलट, आज अस्सल आयरिश म्हणून ज्या गोष्टी दाखवतात त्यांतल्या काही चक्क परदेशी जन्मल्या आहेत. ‘केली’ म्हणजे सर्वांनी मिळून नाचण्याचा सार्वजनिक मेळावा. असा पहिला मेळावा ३० ऑक्टोबर १८९७ रोजी भरला तो लंडनमध्ये, ब्लूम्सबरी हॉलमध्ये, गेलिक लीगच्या लंडन शाखेने भरवलेला. दारूच्या गुत्त्यात वर्तुळाने बसून वाजवण्याची जी ‘सेशन’ची प्रथा प्रवाशांना मोहून टाकते, तीही दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला बांधकामावर आलेल्या आयरिश मजुरांत रुळली असे अभ्यासक सांगतात. कारण उघड आहे. भाड्याच्या खोलीत वाजवले तर घरमालकीण हाकलून देई. गुत्तेवाला तेवढा म्हणे, ‘वाजवा!’

गालिच्यावरचे गाणे

वरच्या वर्गातल्या सभागृहांतही आयरिश सूर पोचले होते. मात्र कधी कधी माणसांशिवाय. एडिंबरोचा जॉर्ज टॉमसन नावाचा प्रकाशक व्हिएन्नात बेथोव्हेनला आयरिश चाली टपालाने पाठवीत असे, आणि बेथोव्हेन त्यांना पियानो-व्हायोलिनची साथ बांधून देत असे. १८१४ साली २५ आयरिश गीतांचा त्याचा पहिला संच निघाला. टॉमसन बहुधा नुसत्या चालीच धाडी, शब्द धाडीत नसे. बेथोव्हेन त्याबद्दल कुरकुर करी. शब्द ठाऊक नसताना त्या सुरांतले दु:ख त्याला कळले, यातच काय ते आले.

डब्लिनचा जॉन फील्ड रशियात स्थायिक झाला. पियानोवर शांतपणे उलगडणाऱ्या ‘नॉक्टर्न’ या रात्रगीताचा जनक तोच. शोपँ त्याच वाटेने पुढे गेला. डब्लिनचाच चार्ल्स स्टॅनफर्ड लंडनच्या रॉयल कॉलेजात शिकवी. होल्स्ट आणि वॉन विल्यम्स हे त्याचे शिष्य. पण सामान्य आयरिश स्थलांतरिताच्या गळ्यातला ताईत होता जॉन मॅकॉर्मॅक. ॲथलोनच्या गिरणी कामगाराचा हा मुलगा. १९०३ साली डब्लिनच्या ‘फेश क्योल’ स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळाले. पुढल्याच वर्षी त्या स्पर्धेत उतरलेल्या दुसऱ्या एका तरुणाला, समोर ठेवलेली अनोळखी स्वरलिपी वाचून गायला नकार दिल्यामुळे, कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. त्याचे नाव जेम्स जॉइस. एका गायकाला वाङ्मय मुकले नाही आणि एका वाङ्मयकाराला गायन मुकले, असे म्हणायचे!

मॅकॉर्मॅक इटलीत शिकला, लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ऑपेरा गायला आणि अमेरिकेत त्याने सभागृहे ओसंडून टाकली. त्याच्या मैफलीचा क्रम पाहण्यासारखा असे: आधी हँडेल आणि मोझार्ट, मग जर्मन गीते, आणि मग आयर्लंडची गाणी. आपल्याकडे दोन खयाल झाल्यावर श्रोते अभंगाची किंवा नाट्यपदाची चिठ्ठी पाठवतात, तसेच हे. पण त्यात एक अर्थ होता. मागच्या स्वस्त जागांवर बसलेल्या मोलकरणीला आणि पोलिसाला त्या रात्री दिसे की, आपल्या आईचे गाणे मोझार्टच्या मांडीला मांडी लावून बसले आहे. ज्या शहरांत आयरिश माणसाची नोकरीच्या जाहिरातींतून आणि व्यंगचित्रांतून टवाळी झाली होती, तिथे हा मान लहान नव्हता. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिकच्या सणाला मिरवणुका निघत, त्याही याच मानासाठी. न्यूयॉर्कमधली ती मिरवणूक १७६२पासूनची.

अभिजात आणि लोकसंगीत यांची खरी सोयरीक घरी जुळवली ती शॉन ओ रीयादाने. पाश्चात्य संगीतात तयार झालेल्या या तरुणाने १९५९ साली ‘मिशा एअरा’ या चित्रपटासाठी लोकधुना वाद्यवृंदावर चढवल्या आणि साऱ्या देशाची छाती फुगली. पुढे त्याने उलट वाट धरली: खेड्यातलेच वादक घेऊन त्यांची मैफल रचली. तो चाळिशीतच, १९७१ साली गेला. पण त्याच्या मेळातला पॅडी मोलोनी १९६२ साली ‘चीफटन्स’ हा संच उभारून जगभर हिंडला. १९८३ साली तर चीनच्या भिंतीवर आयरिश पाइप वाजले. शॉन डेव्ही याने १९८० साली ‘द ब्रेंडन व्हॉयेज’ ही रचना केली. कातड्याच्या होडीतून अटलांटिक ओलांडणाऱ्या साधूची ती कथा. तिच्यात पुरा वाद्यवृंद म्हणजे समुद्र, आणि एकटा इलन पाइप म्हणजे ती होडी. देशांतर केलेल्या लोकांचे याहून बोलके चित्र सुरांत काढता आले नसते.

आपल्या दारी आलेल्या दोघी

या प्रवासाचा एक फाटा आपल्याकडेही वळला आहे. क्लॉनमेलची मॉड मॅकार्थी ही बालवयातच गाजलेली व्हायोलिनवादक. हात दुखावल्याने वादन सुटले, तेव्हा ती ॲनी बेझंटबाईंबरोबर हिंदुस्थानात आली, इथल्या गायकांपाशी श्रुती शिकली, आणि १९१२च्या सुमारास लंडनच्या संगीतपंडितांपुढे त्या स्वत: गाऊन दाखवू लागली. दुसरी मार्गारेट कझिन्स. डब्लिनची संगीतातली पदवीधर. १९१५ साली ती पतीसह मद्रासेकडे आली. १९१९ साली रवींद्रनाथ मदनपल्लीस उतरले असता त्यांनी ‘जन गण मन’ गाऊन दाखवले, आणि त्याची चाल स्वरलिपीत उतरवली गेली ती या बाईंच्या हातून. पुण्यास १९२७ साली भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनामागेही त्याच होत्या. ज्यांच्या देशाचे गाणे कागदावर उतरवून घेतल्यामुळे वाचले, त्या देशाच्या लेकीला दुसऱ्याचे गाणे जपून ठेवण्याची बुद्धी व्हावी, हे उचितच झाले.

घरी आलेली ज्योत

१९५१ साली मलिंगर येथे वादकांनी एकत्र येऊन ‘कोल्तस’ ही संस्था काढली आणि वार्षिक संगीतमेळा सुरू केला. आज त्या संस्थेच्या शाखा अनेक देशांत आहेत, अगदी जपानातही. मेळ्याच्या स्पर्धांना परदेशी वाढलेली मुलेही येतात. १९७५ साली फिडलवादनातले प्रौढ गटाचे अखिल आयर्लंड पद लिझ कॅरोल या अठरा वर्षांच्या मुलीने जिंकले. ती जन्मली, वाढली, शिकली शिकागोत. त्याच ओ’नीलच्या शिकागोत. तिने पुढे रचलेल्या धुना आज आयर्लंडात वाजवल्या जातात.

३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनमध्ये युरोपच्या गीतस्पर्धेच्या मध्यंतरात सात मिनिटांचा एक नाच झाला, ‘रिव्हरडान्स’. बिल व्हेलनचे संगीत, आणि टाचांच्या कडकडाटाने हादरलेले सभागृह. आपला जुना, जरा लाजवणारा नाच एवढा देखणा आहे, हे आयर्लंडला त्या रात्री नव्याने कळले. त्यात पुढे नाचणारी जोडी मायकेल फ्लॅटली आणि जीन बटलर. एक शिकागोचा, दुसरी न्यूयॉर्ककडची. २०१७ साली इलन पाइपवादनाला आणि २०१९ साली हार्पवादनाला युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला.

ओ’नील हे पाहायला नव्हता. त्याने तर शेवटी आशाच सोडली होती. पण जपणाऱ्याच्या आशेवर जपलेली वस्तू अवलंबून राहात नाही. बियाणे कणगीत नीट भरून ठेवलेले असले, की पाऊस कधी पडायचा ते पावसाने पाहावे. आपण भरून ठेवावे, आणि कणगी कुठे ठेवली आहे ते मुलाबाळांना सांगून ठेवावे.